बेने इस्राएल शेजाऱ्यांकडे नववर्षाचे जेवण: पेढे न्यावेत का, आणि डोके झाकावे का?

शाहूपुरीकर (सातारा)
आमच्या इमारतीत पुण्याहून आलेले एक बेने इस्राएल, म्हणजे मूळचे कोकणातले मराठी यहुदी, कुटुंब राहते. त्यांनी रोश हशानाच्या, म्हणजे यहुदी नववर्षाच्या, संध्याकाळी आम्हांला सहकुटुंब जेवावयास बोलावले आहे. सातारकराने रिकाम्या हाताने जाऊ नये, म्हणून कंदी पेढे नेण्याचा विचार आहे. मात्र त्यांच्या घरच्या काकूंनी मटणाचा बेत असल्याचे सांगितल्यापासून ते चालतील की नाही, अशी शंका वाटते. शिवाय प्रार्थनेच्या वेळी पाहुण्यांनीही डोके झाकावे लागते का, आणि वडील रोज घालतात ती गांधी टोपी चालेल का, हेही कृपया सांगावे.

मूळ अलिबागकर (मिरज)
पेढे त्या दिवशी नेऊ नयेत. करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नये, ही आज्ञा तोरात, म्हणजे यहुदी धर्मग्रंथात, तीनदा आली आहे, आणि तिच्यावरूनच मांस व दूध एका जेवणात न घेण्याचा नियम रूढ झाला. मटणानंतर दुधाचा पदार्थ खाण्यापूर्वी काही तास जाऊ द्यावे लागतात, त्यामुळे यजमानांना तुमचा पेढा तोंडातही टाकता येणार नाही आणि नको म्हणणेही जिवावर येईल. आम्हां बेने इस्राएलांच्या स्वयंपाकात नारळाच्या रसाला एवढा मान आहे, त्यामागे कोकणातले वास्तव्य आहेच, पण हा नियमही आहे.

नववर्षाचा आमचा खास पदार्थ म्हणजे चिकाचा हलवा, आणि तोही नारळाच्या रसातच होतो. कुरडईसाठी काढतात तसाच गहू भिजवून, वाटून, पिळून चीक काढावयाचा. मग नारळाचा रस व साखर घालून तो मंद आचेवर घोटत राहावयाचे, इतके की मिश्रण पातेल्याच्या कडा सोडू लागते. ताटात थापून वर बदाम-पिस्त्याचे काप पेरले की निवल्यावर वड्या पडतात. हल्ली पुष्कळ घरांत चिकाऐवजी चायना ग्रास वापरतात. वड्या सुबक पडतात, पण ती चव येत नाही, हे माझे स्पष्ट मत आहे.

कृष्णाकाठ (सांगली)
मग मलिदा नेला तर? पोहे, गूळ आणि नारळाचाच असतो ना तो?

मूळ अलिबागकर (मिरज)
मलिदा दुधाचा नसतो हे खरे, परंतु तो एलियाहू हनाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाने, नवस फेडताना किंवा लग्न, नवे घर अशा प्रसंगी, आशीर्वाद म्हणून घरच्यांनीच करावयाचा असतो. पाहुण्याने मध न्यावा. नवे वर्ष गोड जावे म्हणून त्या रात्री सफरचंदाची फोड मधात बुडवून खातात, आणि महाबळेश्वरचा मध तर तुमच्याच जिल्ह्यातला. मांघरसारखे मधाचे गाव हाताशी असताना पेढ्यांची चिंता कशाला? बाटलीचे सील तेवढे तसेच राहू द्यावे. सोबत आटपाडीकडची डाळिंबे न्यावीत, कारण त्या रात्रीच्या ताटात डाळिंबालाही मान असतो. तासगावच्या काळ्या मनुका मिळाल्या तर काकू विशेष खूश होतील. किद्दुशच्या, म्हणजे सणाच्या जेवणाआधी पेला हाती घेऊन म्हणावयाच्या, आशीर्वादासाठी आमच्याकडे द्राक्षारसाऐवजी भिजवलेल्या मनुकांचे शरबत करण्याची जुनी चाल आहे.

डोक्याविषयी सांगावयाचे तर गांधी टोपी उत्तम. किप्पाच, म्हणजे यहुद्यांची लहान गोल टोपीच, हवी असे नाही; डोके झाकणे ही देवापुढच्या आदराची रूढ रीत आहे, आणि आमच्या पणजोबांच्या पिढीतील पुरुष पागोटे बांधूनच प्रार्थना करीत. ज्याच्याकडे टोपी नसेल त्याला यजमान देतील. बायकांनी किद्दुशच्या वेळी पदर किंवा ओढणी डोक्यावर घेतली तर बरे दिसते, मात्र लहान मुलींना तशी सक्ती नसते.

शाहूपुरीकर (सातारा)
आभारी आहे. कॅलेंडरमध्ये सण दुसऱ्या दिवशी दाखवला आहे, आणि निमंत्रण आदल्या संध्याकाळचे आहे. हे बरोबर आहे ना?

मूळ अलिबागकर (मिरज)
बरोबर आहे. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे सणाचे पहिले जेवण आदल्या रात्रीच होते. कडक पाळणाऱ्या घरांत त्या वेळेपासून फोन आणि छायाचित्रेही वर्ज्य असतात, तेव्हा उशीर होणार असेल तर तो निरोप दिवस मावळण्यापूर्वीच द्यावा.