मदत हवी आहे : अर्ध्या कॅरटच्या दोन हिऱ्यांच्या किमतीत दुपटीचा फरक कसा?

मखमलाबादची_ताई
येत्या रविवारी धाकट्या भावाचा साखरपुडा आहे. होणाऱ्या भावजयीसाठी कॉलेज रोडवरील एका दालनात आणि सराफ बाजारातील एका पेढीवर अंगठ्या पाहिल्या. दोन्हीकडे वजन अर्धा कॅरटच असूनही दालनातील अंगठीची किंमत दुपटीहून अधिक आहे, आणि दोघेही आपलाच माल उत्तम असल्याचे सांगतात. हिऱ्याचा दर्जा कसा ओळखावा, हे कृपया शुक्रवारपर्यंत सांगावे. सोने घेण्याचा सल्ला देऊ नये.

सातपूरकर
नको म्हटले असले तरी सांगतो, सोनेच घ्या. मोडायला गेल्यावर सोन्याला त्या दिवसाचा भाव मिळतो. हिऱ्याला तसा भाव नसतो. आणि हिराच हवा असेल, तर हॉलमार्क व एचयूआयडी, म्हणजे दागिन्यावर कोरलेला सहा अक्षरांकांचा ओळख क्रमांक, पाहिला की निर्धास्त व्हावे.

घंटीवरचा_माणूस
सातपूरकर, हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो; अठरा कॅरट सोन्यावर ७५० असा आकडा असतो, पण त्यावरून हिऱ्याविषयी काहीच कळत नाही. सुरतेत अकरा वर्षे घंटीवर, म्हणजे हिरे घासण्याच्या चाकावर, बसून मी पैलू पाडले आहेत, म्हणून ताईंना आधी विचारतो. हिरे तपासणाऱ्या प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र कोणत्या अंगठीला आहे? रंग आणि नितळपणा काय लिहिला आहे? हिऱ्याचा व्यास किती? हिऱ्याच्या बाबतीत कॅरट हे केवळ वजन आहे, एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम. नीट पैलू पाडलेला अर्ध्या कॅरटचा गोल हिरा साधारण ५.१ मिलिमीटर रुंद भरतो. तो ४.८ भरला, तर पोटात वजन राखून ठेवले आहे असे समजावे. असा हिरा वजनाला पुरेपूर असतो, मात्र प्रकाश खालून निसटल्यामुळे मंद दिसतो.

गोदाकाठ
तेजासाठी वजन सोडावे लागते, हे नाशिककरांना वेगळे सांगायला नको. त्र्यंबकेश्वराच्या देवळातला नासक हिरा १८१८ मध्ये इंग्रजांच्या हाती गेला, तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरट होते. लंडनच्या जवाहिऱ्यांनी पुन्हा पैलू पाडून तो सुमारे ८० कॅरटवर आणला आणि १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टन यांनी ४३.३८ कॅरटवर. तेजासाठी निम्म्याहून अधिक हिरा घासून टाकला. तो परत यायला हवा, हे माझे मत मात्र कायम आहे.

नवी_पिढी
ताई, प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा घ्या. तोही कार्बनच असतो आणि तितक्याच पैशांत कितीतरी मोठा मिळतो.

पंचवटीकर
आणि मोडायला गेल्यावर किती मिळतात, तेही सांगा. आमच्या आजी हिऱ्यावर फुंकर मारून पाहत असत. वाफ लगेच उडाली की हिरा खरा.

घंटीवरचा_माणूस
फुंकर मारून काच ओळखता येते. हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मॉइसनाइट खड्यावरचीही वाफ तशीच उडते, आणि खऱ्या हिऱ्याचा दर्जा त्यातून मुळीच कळत नाही. नवी पिढी, तुमचे म्हणणे चूक नाही. फक्त तो प्रयोगशाळेतला आहे हे बिलावर स्पष्ट लिहून घ्यावे.

मखमलाबादची_ताई
दालनातील हिऱ्याला प्रमाणपत्र आहे : ०.५० कॅरट, रंग जी, नितळपणा व्हीएस-टू, व्यास ५.१२. पेढीवरच्या कच्च्या चिठ्ठीवर ‘ईएफ, व्हीव्हीएस, ७ नग, ०.५०’ असे लिहिले आहे. रंगात ई-एफ या प्रती जीच्या वरच्या आणि नितळपणात व्हीव्हीएस व्हीएसच्या वरची, म्हणजे पेढीवरचाच हिरा सरस, असेच ना?

घंटीवरचा_माणूस
सात नग, हे पहिल्याच दिवशी सांगायला हवे होते! तो एक हिरा नसून सात बारीक हिरे चिकटून बसवलेले आहेत, आणि प्रत्येक जेमतेम सात सेंटचा, म्हणजे ०.०७ कॅरटचा आहे. मोठा दगड दुर्मिळ असल्यामुळे त्याचा प्रतिकॅरट दर बारीक हिऱ्यांच्या कितीतरी पट असतो. शिवाय ईएफ आणि व्हीव्हीएस या प्रती पेढीने स्वतःच लिहिल्या आहेत, कोणत्याही प्रयोगशाळेने नव्हे. एकच हिरा हवा असेल आणि पैसे वाचवायचे असतील, तर दालनात ४६-४७ सेंटचा मागा. पन्नासचा आकडा गाठला की दर उडी मारतो, डोळ्यांना मात्र फरक कळत नाही. प्रमाणपत्रावर पैलूंची प्रत ‘एक्सलंट’ आहे का, तेवढे पाहा. दुकानातील दिव्यांखाली कोणताही हिरा लखलखतो, म्हणून अंगठी दाराशी सावलीत नेऊन बघावी. हिऱ्याच्या कडेवर कोरलेला क्रमांक दहापट भिंगातून वाचून प्रमाणपत्राशी ताडून घ्यावा.

मखमलाबादची_ताई
आज भिंगातून पाहिले, पेढीवरच्या अंगठीत सात तुकड्यांमधल्या फटी स्वच्छ दिसल्या. दालनात ४७ सेंटचा हिरा मिळाला, व्यास ५.०१, पैलू एक्सलंट, रंग आणि नितळपणा तोच. किंमत बरीच उतरली. क्रमांक वाचायला मला चार मिनिटे लागली, पण जुळला. अंगठी शनिवारी संध्याकाळी मिळेल.

सातपूरकर
छान झाले. बोटाचे माप कोणाकडून घेतले?

मखमलाबादची_ताई
माप! भावाला फोन लावते.