जेम्स एकिनचा कोंबडा: निर्भीड की कुचकट?

तिरकीरेघ:
जेम्स एकिन हा अमेरिकेतल्या सुरुवातीच्या तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरून छापणाऱ्यांपैकी एक. १८०४ च्या सुमाराचं त्याचं 'अ फिलॉसॉफिक कॉक' हे व्यंगचित्र पाहा. राष्ट्राध्यक्ष जेफरसन ऐटबाज कोंबडा झालाय. मागे कोंबडी, पण तोंड बाईचं आणि डोक्याला फडकं. ती सॅली हेमिंग्ज, जेफरसनच्याच मॉन्टिचेलो या मळ्यावरची गुलाम. या संबंधांबद्दल कॅलेंडर नावाच्या पत्रकाराने १८०२ मध्ये छापलं होतं. भक्तमंडळी पुढे दीडशेहून जास्त वर्षं 'बदनामी, बदनामी' करत राहिली. १९९८ ला डीएनए चाचणी झाली आणि २००० साली मॉन्टिचेलो सांभाळणाऱ्या संस्थेनेच म्हटलं की सॅलीच्या मुलांचा बाप बहुधा जेफरसनच. स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यात 'सगळी माणसं समान' लिहिणाऱ्याचं सोंग एकिनने भर कारकिर्दीत फाडलं. माझ्या लेखी तो त्या पिढीतला सगळ्यात निर्भीड.

जुनीशाई:
निर्भीड कसला! राहत होता मॅसॅच्युसेट्समधल्या न्यूबरीपोर्टला. गाव फेडरलिस्टांचं, म्हणजे जेफरसनच्या विरोधकांचं. घरच्या ओसरीवर बसून शिव्या घालायला छाती लागत नाही. पुरावाही त्याच्याकडे शून्य. कॅलेंडरला रिचमंडची पोस्टमास्तरकी हवी होती, जेफरसनने दिली नाही, म्हणून तो उलटला. त्या चिडक्याची बातमी एकिनने रंगवली. बातमी खरी निघाली, हे त्याचं नशीब.

तिरकीरेघ:
गाव फेडरलिस्टांचं, कबूल. पण १८०४ ला जेफरसन १७६ पैकी १६२ इलेक्टोरल मतं घेऊन निवडून आला, मॅसॅच्युसेट्ससकट! वारा सगळा त्याच्या बाजूने होता. अशा वेळी काढलंय हे. आणि कोंबडा उगाच नाही, तो क्रांतीनंतरच्या फ्रान्सचं चिन्ह. जेफरसनचं फ्रान्सप्रेम आणि रंगेलपणा एकाच पक्ष्यात बसवलाय. कारागिरी तरी माना.

पाटीपेन्सिल:
कारागिरी मानली. पण चित्रातली वरची ओळ वाचली का? इंग्रज लेखक ॲडिसनच्या 'केटो' नाटकातली आहे: मला भुरळ पडते ती नाकाडोळ्यांची किंवा कातडीच्या रंगाची नाही, अशा अर्थाची. नाटकात हे बोलतो आफ्रिकेतला राजपुत्र जुबा, एका रोमन मुलीबद्दल. एकिनने ती उलटी करून जेफरसनच्या तोंडी घातली. म्हणजे हसायचं कशाला? मालकाने गुलाम बाईला ठेवलं याला नाही, काळी बाई ठेवली याला. सॅली पॅरिसला जेफरसनकडे गेली तेव्हा १४ वर्षांची होती, जेफरसन चाळिशी ओलांडलेला. त्याबद्दल चित्रात अवाक्षर नाही.

जुनीशाई:
+१. मॉन्टिचेलोवरच्याच आयझॅक नावाच्या गुलामाने पुढे आठवण सांगितली की सॅली जवळजवळ गोरी होती, लांब सरळ केस पाठीवर सोडलेले. चित्रात मात्र फडकं बांधलेली कोंबडी.

तिरकीरेघ:
१८०४ च्या माणसाला आजची फूटपट्टी लावताय. व्यंगचित्रकार जिथे दुखतं तिथेच बोट ठेवणार. लक्ष्य राष्ट्राध्यक्ष होता, सॅली नव्हे.

पाटीपेन्सिल:
नेम राष्ट्राध्यक्षावर होता, मान्य. पण लागलं तिला. तो पुन्हा निवडून आला, ती गुलामच राहिली.

उकडगरम:
अवांतर: न्यूबरीपोर्टलाच प्रकाशक ब्लंटशी एकिनचं भांडण झालं. ब्लंटने त्याच्यावर लोखंडी तवा भिरकावला. एकिनने तेही चित्र कोरून विकलं! अशा माणसात तत्त्व शोधू नका राव. ज्याच्याशी वाजलं त्याला त्याने पत्र्यावर चढवलं.

तिरकीरेघ:
उकडगरम, तव्याचा किस्सा माझ्याच बाजूने जातो. हा दबणारा माणूस नव्हता :)
पाटीपेन्सिल, 'ती गुलामच राहिली' याला माझ्याकडे उत्तर नाही. 'निर्भीड' मात्र मागे घेत नाही.

पाटीपेन्सिल:
नका घेऊ. सॅलीचं एकही खरं चित्र आज उपलब्ध नाही. २०१८ साली मॉन्टिचेलोत तिच्यावर दालन उघडलं, तिथे चेहऱ्याऐवजी नुसती सावली दाखवलीय. ती हयात असतानाचं तिचं म्हणून जे दाखवता येतं ते हेच, एकिनच्या कोंबडीचं तोंड.