गुन्हा वरच्यांचा, शिक्षा पोरांना? पेन स्टेटच्या निमित्ताने

सुस्क्वेहाना

गेल्या महिन्यात मुलाला अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाचं पेन स्टेट विद्यापीठ दाखवायला नेलं होतं. बीव्हर स्टेडियमबाहेर एक जागा आहे, तिथे 22 जुलै 2012 च्या सकाळपर्यंत अमेरिकन फुटबॉल संघाचे कोच जो पॅटर्नो यांचा पुतळा होता. "का काढला?" मुलाने विचारलं. परतीच्या प्रवासात गाडीत दुसरा विषयच निघाला नाही, आणि घरी पोचलो तरी आमचं एकमत झालं नव्हतं. म्हणून हा धागा.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पॅटर्नोंचा जुना सहायक जेरी सँडस्की याला लहान मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराच्या 45 आरोपांत जून 2012 मध्ये दोषी ठरवलं गेलं. गरजू मुलांसाठी त्याने स्वतः काढलेल्या संस्थेतूनच ही मुलं त्याच्या हाती लागत. 2001 मध्ये माइक मॅक्वेरी या तरुण सहायकाने त्याला संघाच्या शॉवरमध्ये एका मुलासोबत पाहिलं आणि दुसऱ्याच दिवशी पॅटर्नोंना सांगितलं. त्यांनी ते क्रीडासंचालक टिम कर्ली आणि उपाध्यक्ष गॅरी शुल्ट्झ यांच्या कानावर घातलं. शुल्ट्झ यांच्या अखत्यारीत तर विद्यापीठाचे पोलीस येत. पुढे गोष्ट अध्यक्ष ग्रॅहम स्पॅनियर यांच्यापर्यंत गेली. सरकारी यंत्रणेला कुणीही कळवलं नाही. सँडस्कीला अटक झाली नोव्हेंबर 2011 मध्ये.

आता शिक्षा बघा. विद्यापीठानेच नेमलेल्या लुई फ्री यांचा चौकशी अहवाल आल्यावर अकरा दिवसांत एनसीएएने (कॉलेजांच्या खेळांचं नियमन करणारी संस्था) संघावर चार वर्षांची बोल सामन्यांची (सीझनअखेरचे मानाचे सामने) बंदी घातली, 6 कोटी डॉलर दंड केला, स्कॉलरशिप कापल्या, 1998 ते 2011 चे 112 विजय रद्द केले. त्या वर्षी मैदानात उतरलेली पोरं 2001 मध्ये साधारण सात ते अकरा वर्षांची होती! आणि स्पॅनियर? दोन महिन्यांची कैद भोगायला ते 2021 मध्ये तुरुंगात गेले.

माझं म्हणणं एवढंच: ज्यांना माहीत होतं त्यांना धरा, लवकर धरा, आणि खेळणाऱ्या पोरांना सोडा.

रानजाई

साफ असहमत. तुम्ही संघ आणि माणसं अशी दोन टोकं वेगळी करताय. पेन स्टेटमध्ये ती वेगळी नव्हतीच. 1999 मध्ये निवृत्त झाल्यावरही सँडस्कीकडे तिथल्या किल्ल्या होत्या. त्याआधी 1998 मध्ये एका आईने तक्रार केली होती, चौकशी झाली, खटला झाला नाही. एवढं होऊनही त्याला दार उघडं राहिलं, कारण तो फुटबॉलचा माणूस होता. पॅटर्नोंना काढलं त्या रात्री, 9 नोव्हेंबर 2011 ला, हजारो विद्यार्थी रस्त्यावर उतरले आणि टीव्हीची व्हॅन उलटवली. पीडित मुलांसाठी मेणबत्त्या लागल्या दोन दिवसांनी. हा क्रम मी विसरू शकत नाही.

अशा गावाला चार माणसांच्या खटल्याने काय कळणार? त्यांना जे प्रिय आहे ते काढून घेतल्यावरच कळतं.

कोपऱ्यातला_प्रेक्षक

विजय रद्द करण्याबद्दल. पॅटर्नोंचे 409 विजयांचे 298 केले, आणि जानेवारी 2015 मध्ये तडजोड करून परत 409. अत्याचार झालेल्या मुलांना दोन्ही वेळा काय मिळालं? ज्यांनी ते सामने पाहिले त्यांच्या डोक्यातून स्कोअर पुसता येत नाही. कागदावरचा आकडा बदलणं ही मला शिक्षाच वाटत नाही.

रानजाई

@कोपऱ्यातला_प्रेक्षक, या मुद्द्यावर सहमत. पण ते 6 कोटी पेनसिल्व्हेनियातच मुलांच्या संरक्षणासाठी वापरायचे ठरले, त्याला फक्त कागद म्हणता येणार नाही.

मैदानवैद्य

मी मेरीलँडमध्ये फिजिओथेरपिस्ट आहे, रोज याच वयाच्या खेळाडूंना बघते. पेन स्टेट सोडून जॉर्डन मॅकनेअरचं बोलते. मेरीलँड विद्यापीठाचा खेळाडू, वय 19. 29 मे 2018 ला सरावात धावताना उष्माघात झाला, 13 जूनला गेला. उष्माघाताच्या रोग्याला ताबडतोब थंड पाण्यात बुडवायचं असतं, हे आमच्या धंद्यात पहिल्या वर्षाला शिकवतात. त्याला बुडवलं नाही. वाचणारं पोर होतं ते.

ऑगस्टमध्ये विद्यापीठाच्या अध्यक्षांनी जबाबदारी मान्य केली. तरी 30 ऑक्टोबरला नियामक मंडळाने मुख्य कोच डी. जे. डर्किन यांना पुन्हा कामावर घेतलं! लोक भडकले, म्हणून दुसऱ्या दिवशी काढलं. पुढे डर्किन यांना ओल मिस, टेक्सस ए अँड एम, ऑबर्न अशा मोठ्या संघांत काम मिळत गेलं.

सुस्क्वेहाना दादा, तुम्ही म्हणता माणसांना धरा. या खेळात माणूस एका दाराने जातो आणि दुसऱ्या दाराने येतो. धरणार कसं?

सुस्क्वेहाना

ताई, डर्किनचं उदाहरण बिनतोड आहे. त्यावर मला उत्तर सुचत नाही.

पण रानजाई, "प्रिय ते काढून घ्या" हे 1987 मध्ये करून झालंय. सदर्न मेथडिस्ट विद्यापीठ खेळाडूंना चोरून पैसे देत होतं, म्हणून एनसीएएने त्यांचा अख्खा सीझन रद्द केला, 1988 चा विद्यापीठानेच सोडून दिला. संघ वीस वर्षं उठला नाही. बाकीच्यांनी पैसे देणं थांबवलं? नाही. उलट, परिणाम इतके भयंकर दिसले की एनसीएएने ती शिक्षा पुन्हा कुठल्याही मोठ्या फुटबॉल संघाला दिली नाही.

रानजाई

आणि आता दुसरं टोक बघा. मिशिगन विद्यापीठाच्या संघाने समोरच्या संघांचे कोच खेळाडूंना देतात ते इशारे चोरून टिपायला माणसं पाठवली, त्याच सीझनचं राष्ट्रीय विजेतेपदही मिळवलं. ऑगस्ट 2025 मध्ये एनसीएएच्या समितीने जवळजवळ तुमचंच म्हणणं लिहिलं: बंदी योग्य ठरली असती, पण आजच्या खेळाडूंवर अन्याय होईल, म्हणून दंड. कोच जिम हार्बॉ तोवर एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये गेलेले. विजेतेपद तसंच राहिलं. मिशिगनसारख्या श्रीमंत विद्यापीठाला दंड भरून विजेतेपद ठेवायची मुभा मिळाली, तर पुढचा कोच काय हिशेब करेल?

सुस्क्वेहाना

इशारे चोरणं आणि मुलांवरचे अत्याचार एका तराजूत घालू नका, ही विनंती. पहिल्यात विजेतेपद काढून घ्या, माझी ना नाही, ते चोरीनेच आलेलं आहे. दुसऱ्याचा खेळाच्या निकालाशी संबंधच काय?

मला सगळ्यात जास्त मॅक्वेरी छळतो. ज्याने सांगितलं त्याला प्रकरण उघड झाल्यावर रजेवर पाठवलं, करार वाढवला नाही. 2016 मध्ये ज्युरीने त्याला 73 लाख डॉलर द्यायला लावले. तरीही त्याने 2001 मध्ये पोलिसांकडे जायला हवं होतं, हेही मी मानतो. तेव्हाचा पेनसिल्व्हेनियाचा कायदा कर्मचाऱ्याला वरिष्ठांना सांगून मोकळा करत होता. 2014 च्या बदलांनंतर त्याला थेट राज्याच्या यंत्रणेकडे तक्रार करावी लागते, साहेबाला सांगितलं म्हणून सुटका नाही. या सगळ्यातून निघालेली मला दिसणारी एकच खरी दुरुस्ती ही आहे, आणि तिच्यासाठी एकाही खेळाडूचा सीझन बुडवावा लागला नाही.

मैदानवैद्य

कायदा बदलला हे बरोबर, पण तो बदलायला किती दडपण लागलं असेल? संघावर एवढा मोठा घाव बसला नसता, देशभर गाजावाजा झाला नसता, तर आमदारांनी एवढ्या लवकर हात घातला असता असं मला वाटत नाही.

रानजाई

तेच म्हणतेय मी. आणि दादा, तुमच्या मुलाचं मत काय होतं ते तुम्ही लिहिलंच नाही.

सुस्क्वेहाना

तो तुमच्या बाजूने आहे. म्हणाला, "बाबा, मी त्या संघात असतो तर मला बोल सामना खेळायचाच नसता."