व्यंगचित्राने सरकारचं काय वाकडं होतं?

कागदी_घोडा
जेम्स गिलरेचं 1797 सालचं व्यंगचित्र परवा पुन्हा बघितलं. एक हडकुळी म्हातारी कुलूपबंद पेटीवर ठाण मांडून बसलीय, अंगात नोटांचाच झगा. पंतप्रधान पिट लाडीगोडी लावत तिच्या खिशात हात घालतोय आणि ती बोंब मारतेय. ही म्हातारी म्हणजे बँक ऑफ इंग्लंड. त्या फेब्रुवारीत फ्रेंच सैन्य वेल्सच्या किनाऱ्यावर उतरलं, धास्तावलेले लोक नोटा घेऊन सोनं मागायला धावले, तेव्हा सरकारने नोटेच्या बदल्यात सोनं देणंच थांबवलं. पार्लमेंटातल्या शंभर भाषणांनी जे कळलं नसतं ते या एका चित्राने कळतं. आर्थिक संकटावर याहून नेमकी टीका दुसरी नाही, असं माझं मत.

अर्धवटराव
भाषणांना नावं ठेवताय, पण बँकेला म्हातारी म्हणण्याची कल्पना मुळात खासदार शेरिडनच्या भाषणातली! आणि सरकारवर तुटून पडणाऱ्या याच गिलरेला पुढे पिटच्याच सरकारकडून वर्षाला 200 पौंड गुपचूप मिळू लागले. नोटांत मिळाले की सोन्यात, देव जाणे. :)

टाकबोरू
पेन्शनचं खरं आहे. पण दुसरा व्यंगचित्रकार क्रुकशँक, त्याला विसरू नका. सोनं बंद झाल्यावर एक-दोन पौंडांच्या नोटा निघाल्या. त्यांची नक्कल करणं सोपं, आणि बनावट नोट खपवली तर थेट फाशी. अशी तीनशेहून जास्त माणसं गेली. क्रुकशँकने 1819 मध्ये हुबेहूब नोटेसारखं चित्र काढलं: वर ओळीने लटकलेली माणसं, पौंडाच्या चिन्हाला फासाचा दोर, सही जल्लाद जॅक केचची. विकत घ्यायला दुकानासमोर झुंबड उडाली. फाशा थांबल्या त्या माझ्या नोटेमुळे, असं तो म्हातारपणी सांगायचा.

अर्धवटराव
सांगायला काय जातं! सोन्याचा व्यवहार पुन्हा सुरू करा, अशी शिफारस संसदीय समितीने 1810 मध्येच केली होती. सोनं पुन्हा देण्याचा 1819 चा कायदा खासदार पीलचा, प्रत्यक्ष सोनं मिळायला लागलं 1821 मध्ये. बनावट नोटांसाठीची फाशी रद्द व्हायला तर 1830 चं दशक उजाडलं. कोंबडं आरवलं म्हणून सूर्य उगवत नाही.

टाकबोरू
समितीची शिफारस नऊ वर्षं धूळ खात पडली, त्याचं काय? लटकलेली माणसं नोटेवरच दिसल्यावर तिकडे काणाडोळा करणं अवघड गेलं असणार, एवढंच म्हणतोय. सगळं श्रेय चित्राला द्या, असं कुठे म्हटलंय?

कागदी_घोडा
शेरिडनचा मुद्दा मान्य, माझं भाषणांबद्दलचं वाक्य मागे घेतो. तरी त्याचं भाषण आज किती जणांना ठाऊक आहे? बँकेला मात्र, ती ज्या रस्त्यावर आहे त्यावरून, अजून 'थ्रेडनीडल स्ट्रीटची म्हातारी' म्हणतात.

अर्धवटराव
म्हणतात, आणि तेही कौतुकाने. टोमणा मारायला काढलेली म्हातारी बँकेने आजी म्हणून मिरवली. वाकडं कुणाचं झालं मग?