मदत हवी आहे: बाहेरून लावलेल्या साउंड कार्डाची सेटिंग टिकत नाही

नमस्कार मंडळी. अडचण कॉम्प्युटरची आहे, पण ती कुठे आडवी येते ते सांगितल्याशिवाय कळणार नाही, म्हणून थोडं लांबून सांगते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, राळेगाव तालुक्यात. घरी माझ्या आजेसासूबाई आहेत, वय ८४. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे भुलाबाई बसते. हल्लीच्या पोरी दोन-चार गाणी म्हणून, खाऊ वाटून मोकळ्या होतात. आजींना मात्र अजून कितीतरी गाणी येतात, आणि त्यातली काही मी दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकलेली नाहीत. यंदा ठरवलं, रोज रात्री एक तरी गाणं रेकॉर्ड करायचं. त्यांचा गळा एका गाण्यापुरताच चालतो. परत म्हणा म्हटलं की म्हणतात, "आता नाही वं माय, गया सुकला." त्यामुळे बिघडलेलं गाणं त्या रात्रीपुरतं गेलंच, आणि दुसऱ्या रात्री तेच आठवेल याचा भरवसा नाही.

सामान असं: २०१६चा लॅपटॉप, विंडोज १०, बॅटरी पार बसलेली, त्यामुळे सतत चार्जरवर. लॅपटॉपच्या माइकच्या पिनमध्ये खरखर येते म्हणून बोटाच्या पेराएवढं यूएसबी साउंड कार्ड घेतलं. गुलाबी भोक माइकचं, हिरवं हेडफोनचं. त्याला कॉलर माइक लावते आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड करते.

होतं असं की कंट्रोल पॅनेलमध्ये साउंड, मग रेकॉर्डिंग, मग माइकच्या प्रॉपर्टीज उघडून लेव्हल ६२वर आणते आणि कस्टम टॅबमधली एजीसीची टिक काढते. त्या रात्री रेकॉर्डिंग अगदी सुरेख येतं. दुसऱ्या रात्री कार्ड लावावं तर कधी सगळं जागच्या जागी, कधी लेव्हल १०० आणि टिक परत आलेली.

एजीसी, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणारी सोय, चालू राहिली की आजी ओळ म्हणतात तोवर आवाज दाबलेला राहतो. त्या श्वास घ्यायला थांबल्या की कार्ड आवाज चढवत नेतं, आणि तेवढ्यात रातकिडे, कुणाच्या तरी वावरात चाललेलं सोयाबीनचं थ्रेशर, माझ्या बांगड्या, सगळं पुढे येतं. पुढच्या ओळीचा पहिला शब्द मग फाटूनच निघतो. सगळ्यात जास्त वाईट वाटलं ते डब्याचं. ज्यांच्याकडे भुलाबाई बसत नाही त्यांच्यासाठी सांगते: गाणी झाली की झाकलेला डबा हलवायचा आणि आत कोणता खाऊ आहे ते पोरींनी ओळखायचं. मुरमुरे सळसळतात, फुटाणे खडखडतात, लाडू भिंतीला ठप्पकन लागतो. मला तो आवाजही हवा होता. पण हळू हलवलेला डबा आणि जोरात हलवलेला डबा रेकॉर्डिंगमध्ये एकसारखे झाले. मुरमुरे की फुटाणे, मलाच ओळखता येईना.

एका रात्री तर ऑडॅसिटीने कार्ड सोडून लॅपटॉपचाच माइक धरला. मला कळलं तेव्हा गाणं संपलेलं. पंखा पुढे आणि आजी मागे. ते गाणं अजून परत मिळालेलं नाही.

ड्रायव्हर काढून पुन्हा टाकून पाहिला. वहीत रोजची नोंदही ठेवली: ११ रात्रींत ६ वेळा सेटिंग गेली. आधी वाटलं लाईन गेली की जाते, पण लाईन न जाताही दोनदा गेली. आणखी एक, यादीत कार्डाचं नाव आधी नुसतं 'यूएसबी ऑडिओ डिव्हाइस' होतं, आता त्याच्या पुढे कधी २, कधी ३ असा आकडा दिसतो. तालुक्याच्या दुकानात सांगितलं विंडोज नव्याने टाकू, पण त्यात दोन-तीन दिवस जातील आणि कोजागिरी ९ दिवसांवर आहे. कुणाला काही सुचत असेल तर कृपया लवकर लिहा.

प्रतिसाद १

ताई, तो २ आणि ३चा आकडा लिहिलात हे फार बरं केलं. कार्ड रोज एकाच यूएसबी पोर्टला लावता का?

धागाकर्ती

नाही दादा. तीन पोर्ट आहेत. एकात माउस, एकात कधी पेनड्राइव्ह. जे रिकामं दिसेल त्यात लावते.

प्रतिसाद १

मग बहुतेक तेच. यूएसबीच्या प्रत्येक वस्तूला बनवणाऱ्याचा आणि मॉडेलचा क्रमांक असतो. काहींना त्याशिवाय त्या एका नगाचा स्वतःचा अनुक्रमांक असतो. स्वस्त साउंड कार्डांत तो सहसा नसतो. अनुक्रमांक असला तर वस्तू कुठेही लावा, विंडोज ओळखतं. नसला तर पोर्टवरून ओळख ठेवतं. पोर्ट बदललं की त्याच्या हिशेबी नवं कार्ड आलं: नवी नोंद, नावापुढे नवा आकडा आणि सगळी सेटिंग पहिल्यापासून. म्हणजे तुमचे ६२ पुसले गेलेले नाहीत, ते दुसऱ्या पोर्टच्या नावावर पडून आहेत. ऑडॅसिटीचंही तसंच. ती निवडलेलं उपकरण नावाने शोधते. नाव बदललं, की सिस्टिमचा जो मुख्य माइक असेल तो घेते.

एक पोर्ट ठरवा, त्याच्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका द्या आणि कार्ड तिथेच लावा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून लपलेली उपकरणं दाखवा. फिकट दिसणाऱ्या जुन्या ऑडिओच्या नोंदी अनइन्स्टॉल करा, फक्त त्या कार्डाच्याच आहेत ना ते नाव वाचून. मग ठिपक्याच्या पोर्टवर सेटिंग एकदा नीट लावा. हब वापरत असाल तर हबचं पोर्टही कायम ठेवा आणि हब लॅपटॉपला जिथे लागतो तेही. आणि कार्ड आधी लावून मग ऑडॅसिटी उघडा. आधी उघडली असेल तर ऑडिओ उपकरणं रीस्कॅन करायला लावा, नाहीतर तिला नवं कार्ड दिसतच नाही.

प्रतिसाद २

भुलाबाईचं वाचून अकोल्याचं आमचं अंगण आठवलं. आमच्या डब्यात खिरापतीला भिजवलेली डाळ असली की कुण्णालाच ओळखता यायची नाही, कारण ती वाजतच नाही.

लॅपटॉपवर ऑनलाइन मीटिंग किंवा क्लास होतो का? त्या ॲपमध्ये माइकचा आवाज आपोआप जुळवण्याची टिक असते आणि ती विंडोजची लेव्हलच हलवते. मीटिंगला ६२ची १०० झाली की नंतरही १००च राहते. ती टिक काढा. माइकच्या प्रॉपर्टीजमध्ये ॲडव्हान्स्ड टॅबवर ॲप्सना एकहाती ताबा घेऊ देण्याची टिक आहे, मी तीही काढून टाकते.

प्रतिसाद ३

हे सगळं जुळेपर्यंत आजींच्या दुसऱ्या बाजूला मोबाइल ठेवा आणि त्यातही रेकॉर्ड करा. सुरुवातीला एक टाळी वाजवा, नंतर दोन्ही जुळवायला सोपं जातं. गाणं तरी हातचं जाणार नाही.

धागाकर्ती

चार रात्री झाल्या, म्हणून कळवते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या एका कार्डाच्या तीन नोंदी निघाल्या, दोन फिकट. त्या काढल्या. डाव्या बाजूच्या पोर्टला लाल ठिपका दिला आणि माउस कायमचा उजवीकडे नेला. चारही रात्री लेव्हल ६२वर आहे आणि ऑडॅसिटी कार्डच धरते आहे. लाईन न जाता गेलेल्या दोन वेळांपैकी एकदा त्याच दिवशी पुतणीचा क्लास झाला होता. क्लासच्या ॲपमधली टिक काढली. मोबाइलही ठेवते, टाळी आजीच वाजवतात.

काल डब्याचा आवाज नीट आला. नागपूरला नणंदेला पाठवला, तिने फोनवरच सांगितलं, फुटाणे, आणि डबा पितळेचा. दोन्ही बरोबर.

एक गोष्ट मात्र राहिली आहे. परवा लाईन जाऊन लॅपटॉप झटक्यात बंद पडला. परत सुरू केला तेव्हा लेव्हल जागेवर होती, पण एजीसीची टिक परत आलेली होती. लाईन येते-जाते हे आमच्याकडे थांबणार नाही, आणि नवी बॅटरी दिवाळीनंतरच जमेल. तोवर आजींना पाटावर बसवण्याआधी ती टिक बघून घेते. एजीसी कायमची बंद ठेवण्याचा उपाय कुणाला सापडला असेल, किंवा ज्यात एजीसीच नाही असं स्वस्त कार्ड कुणी वापरत असेल, तर नक्की लिहा. पाच रात्री उरल्या आहेत.