पोरांना रडवणारा धडा वर्गात घ्यावा का?

प्रश्न: लेक आठवीत. सरांनी शाहू महाराजांकडं कामाला असलेल्या दलित गंगाराम कांबळेंची गोष्ट सांगितली, पाण्याला शिवले म्हणून मार खाल्ला ती, आणि मग विचारलं तुमच्या घरी कुणाचा कप वेगळा असतोय का. पोरगी घरी येऊन रडली, कारण आमच्यात तसा कप हाय. सरांचं बरोबर का?

उत्तर: बरोबरच. १९०२ ला मागासलेल्यांसाठी नोकरीत ५० टक्के जागा राखल्या हे पाठ करून मार्क मिळत्यात, पण शाहू महाराज कांबळेंनी नंतर काढलेल्या हॉटेलात मुद्दाम चहा का प्यायचे ते असं विचारल्याशिवाय कळणार कसं?

उत्तर: मी शिक्षिका आहे. धडा घ्याच, पण सगळ्यांसमोर घरचं बोलायला लावू नका ओ, ज्याच्या आजोबांना तो वेगळा कप मिळायचा ते पोरगंबी त्याच वर्गात असतंय. मी वहीत लिहायला सांगते.

प्रश्नकर्ती: हे डोक्यातच आलं नव्हतं. कप काल काढून टाकला, सासूबाई अजून बोलत नाहीत.