काळ्या अक्रोडाखाली टोमॅटो का टिकत नाहीत
काळ्या अक्रोडाजवळ (इंग्रजीत black walnut) लावलेली टोमॅटो-वांगी भरपूर पाणी घालूनही माना का टाकतात, असं तुम्ही विचारता; तर दोष पाण्याचा नसून बहुधा त्या शेजारच्या झाडाचाच असावा. आमच्या अमेरिकेतल्या, ओहायोमधल्या परसातही हेच झालं होतं. या झाडाच्या मुळांत, पानांत आणि फळांच्या हिरव्या सालीत जुग्लोन नावाचं द्रव्य असतं. टोमॅटो, वांगी, मिरची, बटाटा या साऱ्या भावकीला ते सोसत नाही. मुळं फांद्यांच्या घेराबाहेरही लांब जातात, मोठ्या झाडापासून ५०-६० फूट तरी दूर लावा. जागा नसेल तर तळाला जाड कापड घालून उंच वाफा करा. कांदा, गाजर, मका, घेवडा मात्र तिथेही बऱ्यापैकी येतात.

तेवढ्यासाठी झाड पाडू नका हो! पाडलं तरी कुजणाऱ्या मुळांतून जुग्लोन बराच काळ जमिनीत येत राहतं. छाटणी लवकर वसंतात नको, कापल्या जागेतून रस गळत राहतो.

पडलेली फळं मात्र वेळच्या वेळी उचला, हातमोजे घालून. मी एकदा हातमोजे घालायचा आळस केला आणि पुढचे कित्येक दिवस ऑफिसात सालीच्या डागांनी काळी झालेली बोटं लपवत फिरलो.